चिंतामणी रंगाची चिठ्ठी

खरं सांगतो, संघप्रियाच्या हातनं कायतरी चुकावं म्हणून मी चार महिनं वाट बघितली. माणसानं असं बोलू न्हाय, पण आता लपवून काय करायचंय?

मी आकाराम. कोल्हापुरातल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावायचो. १९९९ सालापतोर रंगीत काम, म्हणजे बहुतेक साड्यांची कॅटलॉगं, करणारा तिथं मी एकटाच. मालक गिऱ्हाइकाला चहा पाजायचं आणि माझ्याकडं बोट करायचं, "रंगाचं आमच्या आकारामला विचारा." मग ही संघप्रिया आली, उचगावची. चार वर्षं साडीच्या दुकानात घड्या घातलेल्या, संध्याकाळी क्लास करून कॉम्प्युटर शिकलेली. मला मामा म्हणायची.

साडी घेताना बायका ट्यूबलाइटवर भरवसा ठेवत न्हाईत. साडी उचलून दारात नेत्यात, उन्हात धरत्यात, मगच बोलत्यात. हिनं तीच खोड छापखान्यात आणली. छापील रंगांचं पुस्तक घेतलं की चालली दारात. साडी त्यावर धरायची, ज्या चौकोनाशी जुळंल त्याच्याखाली छापलेलं शाईचं आकडं फायलीत घालायची. पडद्यावर कसं दिसतंय ते बघायचीच न्हाय. मी तिचं नाव 'दारातली बाई' पाडलं. पण तिची पानं छापून आली की रंग हुबेहूब साडीचा. माझी पानं मळकट यायची. मालकांचं बोट आता तिच्याकडं जायला लागलं. मला जेवण गोड लागंना.

दिवाळीच्या तोंडावर विरूपाक्ष शेट आलं, साड्यांचं मोठं व्यापारी. त्यांचा त्या वर्षीचा खास शालू चिंतामणी रंगाचा, म्हणून कॅटलॉगचं मुखपृष्ठ सगळं त्याच निळ्या रंगात पाहिजे होतं. मालकांनी काम दिलं तिला. हे जमलं तर पुढची सगळी कॅटलॉगं तिचीच, असंबी माझ्यादेखत सांगितलं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

तिनं शेटना दारात उभं केलं. चौकोन ठरला. शालूचा चिमूटभर तुकडा तिनं चिठ्ठीला पिन मारून लावला आणि खाली लिहिलं: निळी शाई शंभर टक्के, गुलाबी साठ. शेटनी त्यावर सही केली.

फाईल पुण्याला छपाईची फिल्म काढायला जायची, त्याआधी शेवटची नजर माझी. उघडली तर पडद्यावर चिंतामणी कसला, दहा धुण्यातनं निघालेला निळा. मी गुलाबी साठाची शंभर केली. झकास रंग आला. रंग सुधारला, असं मनाला सांगितलं. चिठ्ठी शेजारीच पडली होती. मी ती वाचली होती.

मुखपृष्ठ छापून आलं ते जांभळं. पडद्यावर उजेड असतो आणि कागदावर शाई, हे मला दहा वर्षांत ठावं नव्हतं असं थोडंच हाय?

"ह्यो माझा चिंतामणी व्हय?" शेट म्हणालं. "डोळं फुटल्यात काय तुमचं?"

मालकांनी संघप्रियाला सगळ्यांदेखत झापलं. तिनं फाईल उघडली, आकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. चिठ्ठी तिच्या हातात होती. ती नुसती पुढं केली असती तर माझी खुर्ची गेली असती.

"चुकलं माझं," ती मालकांना म्हणाली आणि पिशवी उचलली.

मी मागनं दारापतोर गेलो. तिनं चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"गप का बसलीस?" मी विचारलं.

"मला परत साड्यांच्या घड्या घालता येत्यात, मामा. तुम्हाला त्याबी येत न्हाईत."

पाच वर्षांत तिनं उचगावात पानं लावायचं स्वतःचं दुकान टाकलं. विरूपाक्ष शेटचं काम आता तिथंच असतंय; दारात ठरलेला चौकोन ते विसरलं नव्हतं. मी लग्नपत्रिका लावतो, लाल आणि पिवळ्या. ती चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमधी हाय. अधनंमधनं काढून दारात नेतो. तुकड्याचा रंग जरा बी उतरलेला न्हाय.

कामात तिनं मागं टाकलं, ते मी कसंबसं गिळलं असतं. पण त्या दिवशी तिच्या जागी मी असतो तर चिठ्ठी दाखवली असती, पहिल्या मिनिटाला. हे तिलाबी ठावं होतं. त्यानंच पोटात दुखतंय अजून.