तीन पॅलेटांवरची झोप

गेणूआबा सकाळी गोदामात आले की आधी रात्री पडलेलं स्वप्न सांगायचे आणि मग हजेरी लावायचे. कामशेतच्या त्या तांदळाच्या गोदामात माल पाठवण्याची कागदपत्रं मी बघते. मी तळेगावहून येते. सकाळी सकाळी दुसऱ्याची स्वप्नं ऐकण्याइतका वेळ मला नसतो, आणि तसं तोंडावर सांगायलाही मी कमी करत नाही. तरी आबांची ऐकायची. ते टेबलासमोर उभे राहायचे, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर झटकायचे आणि सुरू व्हायचे. कधी त्यांच्या गावच्या, बेडशाच्या लेण्यात कुणीतरी भात झोडत असायचं आणि खांबांच्या पायाशी दाण्यांची रास लागलेली असायची. कधी अख्खं गोदाम पोत्यांसकट पवनेच्या पाण्यावरून तरंगत चाललेलं असायचं आणि आबा पुढच्या टोकाला पाय भिजवत बसलेले असायचे. प्रत्येक स्वप्नाच्या शेवटी वास यायचाच. ओल्या पेंढ्याचा, रोपांसाठी शेतात राब भाजल्याचा, नाहीतर नुकत्याच उतरवलेल्या भाताचा. स्वप्नात वास येतो हे मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नव्हतं. एकदा तसं म्हणाले, तर आबांनी मलाच वेड्यात काढलं.

आता सांगायला हरकत नाही. आबांना वास यायचा तो फक्त स्वप्नातच. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचं नाक गेलं होतं आणि ते परत आलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर फार बिघडलं नसतं. माझ्या घरची माणसं नाक असून आमटी करपलेली ओळखत नाहीत. पण आबांचं सगळं आयुष्य त्या नाकावर उभं होतं. इंद्रायणी तांदळाची पत त्याच्या वासात. गावोगावचा माल आला की पोत्याचं तोंड उसवायचं, आबांनी ओंजळभर तांदूळ घ्यायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची, डोळे मिटायचे आणि मान हलवायची. मान उभी हलली तर माल आत, आडवी हलली तर परत. म्हातारे शेठ होते तेव्हापासूनची ही रीत. पवनेकाठच्या गावांत लोक त्यांना नाकवाले आबा म्हणायचे, आणि लग्नात आचारीसुद्धा पातेल्याचं झाकण आधी त्यांच्यापुढं उघडायचा. ते नाक गेलंय हे कळलं तर आपण घरी बसणार आणि नावही जाणार, याची त्यांना धास्ती होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यांनी ती झाकून ठेवली होती.

आम्हाला कुणाला संशय आला नाही. शेठचा मुलगा यशोधन आता कारभार बघतो. त्या दोन वर्षांत आबांची मान आडवी म्हणून हललीच नाही, तेव्हा आपले शेतकरी सुधारले असं तो सगळ्यांना सांगत सुटला. परदेशातून वासाची एकही तक्रार नाही म्हणून मीही मिरवत होते. एकदा डबा खाताना आबा मात्र बायकोबद्दल थोडे रुसून म्हणाले होते की आमची मुक्ता म्हातारी झाली. पूर्वी पानात भात वाढला की वास कसा आलाय म्हणून विचारायची, आता विचारतच नाही. मी म्हटलं, आबा, संसारात एवढं चालायचंच.

यंदाच्या पावसाळ्यात पॅलेटचा प्रश्न निघाला. पॅलेट म्हणजे पोती रचायची बैठी चौकट. खालच्या फटीत फोर्कलिफ्टचे काटे घालतात आणि पोत्यांची अख्खी थप्पी एकदम उचलतात. आमची पॅलेटं लाकडी होती. मावळातल्या पावसात लाकूड फुगतं, बुरशी धरतं, खिळे वर येऊन पोती फाडतात आणि फटीफटींत धान्यातले पोरकिडे संसार थाटतात. त्यातून माल जहाजावर चढवायचा तर लाकूड भट्टीत तापवून त्यावर शिक्का मारून आणावा लागतो. यशोधनने ठरवलं, आता सगळी प्लास्टिकची घ्यायची. तीन ठिकाणांहून एकेक नमुना आला. निळं महागाचं आणि चकचकीत, काळं जुनं प्लास्टिक वितळवून केलेलं आणि स्वस्त, राखाडी मधलं. यशोधनने त्यांवर पोती चढवली, पाणी ओतून निचरा पाहिला, चारी बाजूंनी काटे घालून पाहिले. तिन्ही पास झाली. राहिला वास. तांदूळ शेजाऱ्याचा वास चटकन धरतो. साबणाच्या वड्यांशेजारी ठेवलेला तांदूळ शिजवून अख्ख्या घरानं नाक मुरडलंय, असं एकदा तरी सगळीकडे होतंच. म्हणून तिन्ही पॅलेटांवर इंद्रायणीची पोती ठेवून श्रावणभर ती वेगवेगळ्या बंद खोल्यांत ठेवली. निवडतील ते आबा, असं यशोधनने जाहीर केलं. आबा सांगतील तीच पॅलेटं गोदामभर यायची आणि त्यांवरूनच माल न्हावाशेव्याच्या बंदराला जायचा.

श्रावण संपला त्या सकाळी कस्तुराबाईंनी तिन्हीकडचा तांदूळ तीन पातेल्यांत शिजवला. तांदूळ निवडणाऱ्या बायकांच्या या मुकादम, बोलायला कमी. धुकं फाटकातून सरळ आत आलं होतं आणि पोत्यांच्या थप्प्या अर्ध्याच दिसत होत्या. आबांनी एकेका पातेल्यावर वाकून डोळे मिटले. आम्ही त्यांच्या मानेकडे बघत उभे. मान उभीही हलेना, आडवीही हलेना. मी हळूच वास घेऊन पाहिला. मी एरवी नाकानं कांदे सोलणारी बाई, पण मला तिन्ही भात सारखेच वाटले. यशोधनला बारमाही सर्दी. भिंतीशी ओळीनं उभ्या असलेल्या बायकांना कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

मग आबा म्हणाले की असं घाईनं सांगता यायचं नाही, एकेका पॅलेटवर एकेक दुपार निजावं लागेल. यशोधन भारावला. जुन्या माणसांची काहीतरी पद्धत असणार, असं तो मला कानात म्हणाला. मला वाटलं, झोपेचाही पगार मिळवणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

पण त्या तीन दुपारी मला अजून आठवतात. आबा रिकाम्या पोत्याची घडी उशाला घ्यायचे आणि पॅलेटवर कुशीला वळायचे. छताच्या पत्र्यांत मधूनमधून हिरवट प्लास्टिकचे तुकडे आहेत, त्यांतून येणारा उजेड तळ्याच्या तळाशी असतो तसा वाटायचा. वर पावसाचा एकसुरी आवाज, हवेत कोंड्याची धूळ तरंगतेय, आणि मधोमध निळ्या, मग राखाडी, मग काळ्या चौकटीवर एक म्हातारा माणूस शांत झोपलेला. बायका आपोआप हळू बोलायला लागल्या. फोर्कलिफ्टवाला प्रितम भोंगा न वाजवता वळण घ्यायचा. तिसऱ्या दुपारी मीच टेबलावर डोकं टेकलं. कुठल्याशा पाण्यावरून गोदाम हलकेच सरकतंय असं मला वाटत राहिलं, आणि थांबवावंसं वाटेना. जाग आली तेव्हा आबा काळ्या पॅलेटवर उठून बसले होते आणि आपल्या तळहातांकडे बघत होते.

चौथ्या दिवशी सगळे पुन्हा जमलो. कस्तुराबाईंनी पुन्हा तीन पातेली मांडली. आबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. टोपी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"यशोधन, मला वास येत न्हाई," ते म्हणाले. "त्या तापापासनं न्हाई. सपनात तेवढा येतो. म्हून म्हणलं, हितं निजावं, सपनात तरी कळंल. निळ्यावर निजलो, भाताचा वास आला. राखाडीवर आला. काळ्यावरबी तसाच आला, आमच्या चुलीवरच्या भाताचा. सपान समद्यालाच चांगलं म्हणतंय बाबा. त्याच्या भरवशावर तुजा माल दर्यापार कसा धाडू?"

आबांना निळं म्हणून मोकळं होता आलं असतं. महागाचं ते चांगलं, असंच आम्ही सगळ्यांनी मनात धरलं होतं. तेवढ्यात कस्तुराबाई पदराला हात पुसत पुढे आल्या.

"राखाडी घ्या, सायेब. काळ्यावरच्याला रॉकेलवानी वास मारतोय. निळ्यावरचा लय बारीक, औषदाच्या गोळीवानी. शिजल्यावरबी जात न्हाई. राखाडीवरचा निर्मळ हाय." मग त्या आबांकडे वळल्या. "अन् आबा, आमाला ठावं हाय. तुमच्याम्होरं पोतं येतं ना, ते आमी आदी हुंगतो अन् मगच लावतो."

एकेक उलगडत गेलं. बिनवासाचं, नाहीतर जुना तांदूळ मिसळलेलं पोतं आलं की बायका ते ओल लागलीय म्हणून फाटकावरूनच परत करायच्या. आबांपुढं जायचा तो सगळा चांगलाच माल. मग मान आडवी हलणार कशी? परत गेलेल्या पोत्यांपुढे कारण म्हणून ओल हा शब्द मीच लिहीत होते. मावळात ओलीचं कुणाला नवल वाटणार! मी त्यांच्यापासून चार पावलांवर बसत होते आणि मला पत्ता नव्हता.

आबांनी विचारलं की तुम्हाला हे सांगितलं कुणी. कस्तुराबाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, मुक्ताबाईंनी. ताप उतरल्यावर महिन्याभरात त्या बेडशाहून जीपनं आल्या होत्या, बायकांसाठी पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन. त्याआधी एकदा घरी चुलीवर दूध करपून काळं झालं होतं आणि आबा शेजारी बसून शेकत होते, त्यांना कळलंच नव्हतं. तेव्हापासून मुक्ताबाईंना ठाऊक होतं. त्यांना काही बोलू नका, पण माझ्या गड्याचं नाव सांभाळा, एवढंच सांगून त्या परतीच्या जीपनं गेल्या होत्या.

आबा जवळच्या काळ्या पॅलेटवर खाली बसले.

"म्हून ती इचारत न्हाई व्हय," ते म्हणाले.

मला रडू आलं, आणि मी उठसूट रडणारी नाही. नवऱ्याला खोटं बोलावं लागू नये म्हणून त्या बाईनं भाताचं विचारणं सोडून दिलं होतं. इतकं सांभाळून मला कुणी घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला घेतलेलं नाही.

यशोधनने टेबलावरची टोपी उचलून आबांच्या हातात दिली. उद्यापासून पोत्यासमोर कस्तुराबाई बसतील आणि शेजारी तुम्ही, असं तो म्हणाला. दाणा दाताखाली धरून त्याची खरी ओल सांगायला आबांना नाक लागत नव्हतं. राखाडी पॅलेटांची मागणी त्याच दुपारी गेली. निघताना कस्तुराबाईंनी राखाडीवरच्या तांदळाची पुडी बांधून आबांच्या पिशवीत घातली.

दुसऱ्या सकाळी आबा नेहमीसारखे टेबलासमोर आले. टोपी काढली, झटकली, पण स्वप्न काही सुरू होईना. मीच विचारलं, आज काय स्वप्न पडलं? त्यांनी नकारार्थी मान हलवली. रात्री काही पडलंच नाही म्हणाले. पुडीतला तांदूळ मुक्ताबाईंनी शिजवला, पानात वाढला, आणि या वेळी आबांनीच त्यांना विचारलं होतं की मुक्ता, वास कसा आलाय.

काय म्हणाल्या, मी विचारलं.

"म्हणली, इचारायला दोन वरसं लावली तुमी." आबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "अन् मग सांगतच बसली, ताई. भात पार निवून गेला."