आवाज आई

नववीच्या कॉम्प्युटरच्या पुस्तकात नेटवर्कचा धडा दिवाळीच्या सुट्टीनंतर येतो. पोरं फराळ खाऊन सुस्तावलेली असतात, लॅबमधल्या मशीनांवर धूळ बसलेली असते, आणि मला दोघांनाही एकाच आठवड्यात जागं करायचं असतं. पुस्तकात सुरुवातीलाच चौकटीत व्याख्या दिलेली आहे. ती पाठ करून कुणाला नेटवर्क कळल्याचं मी अजून पाहिलेलं नाही, पण परीक्षेत तीच विचारतात, त्यामुळे पाठ करून घ्यावी लागते. खरा धडा मी नंतर माझ्या पद्धतीनं घेते.

नेटवर्क म्हणजे शेजार, हे मी पोरांना आधी सांगते. भिंतीला भिंत लागून असली म्हणजे शेजार होत नाही. हाक मारली की ओ आली पाहिजे. लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता असतो, तो आकड्यांत असतो, आणि त्या पत्त्यावर हाक मारायच्या आज्ञेचं नाव पिंग. पलीकडचं मशीन जागं असेल आणि मधली वायर धड असेल तर उत्तर येतं. नसेल तर थोडा वेळ वाट बघून पडद्यावर ओळ येते की वेळ संपली.

मराठीत हे किती सोपं आहे. हाक आणि ओ, झालं. पण उज्जैनच्या शाळेत शिकवायचं हिंदीतून. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी उत्साहानं म्हणाले, "अब इस कंप्यूटर को हाक मारो." वर्ग खो खो हसत सुटला. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मैडम, बैल है क्या, जो हाँकना है?" आमचं हे असं. घरात मराठी, दारात हिंदी, आणि उंबऱ्यावर पाय अडखळायचा तो अडखळतोच. हिंदीत 'ओ'ला तर शब्दच सापडेना. शेवटी मी 'आवाज'वर आले. "आवाज़ लगाओ. उधर से आवाज़ आई?" हे पोरांना लगेच कळलं.

आवाज मराठीत 'तो' आणि हिंदीत 'ती'. आम्ही इथले मराठी लोक घरातसुद्धा "आवाज आली" म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे आम्हाला हसतात. हसोत बापडे.

माझी मुलगी याच शाळेत होती. शिक्षकांच्या मुलांनी शाळेत आईबापांना सर आणि मॅडमच म्हणायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. मी तो कडक पाळला. मला त्याचा पश्चात्ताप वगैरे नाही. नियम बरोबरच होता. एकीनं आई म्हटलं की बाकीच्या पोरांना लगेच वाटतं, हिला पेपर आधी कळत असेल. पण तिला तो नियम मुळीच आवडायचा नाही. पहिलीपासून ती मला व्हरांड्यात भेटली की "गुड मॉर्निंग, मैडम" असं काही लांबलचक म्हणायची, की बाजूच्या बाईंना हसू यायचं.

नववीत ती माझ्या वर्गात आली. नेटवर्कच्या तासाला मी नेहमीप्रमाणे पिंग लावायला सांगितलं आणि फळ्यापासून विचारलं, "आवाज़ आई?"

कुणी "हाँ मैडम" म्हणालं, कुणी "यस". कोपऱ्यातल्या मशीनवरून माझी लेक खणखणीत ओरडली, "आई!"

मी वळून पाहिलं. चेहरा असा साळसूद, जसं काही केलंच नाही. तिच्या शेजारणीलाही उत्तर आलं, तीही "आई" म्हणाली. मग सगळा वर्गच सुरू झाला, "आई मैडम, आई, हमारी भी आई." तीस-चाळीस पोरं हिंदी बोलत होती. एकटी ती मराठी बोलत होती, आणि ते फक्त मला कळत होतं.

घरी आल्यावर मी तिला धरलं. "वर्गात काय नाटक चाललं होतं?"

"मी काय केलं? मी तर हिंदी बोलत होते, मॅडम."

पोर वात्रट होती.

मग तो आमचा खेळच झाला. माधव नगरच्या आमच्या घरात खोल्या तीन, पण ती जणू दुसऱ्या गावाहून विचारावं तशी विचारायची, "आवाज आई?" मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "ओ." काम काही नसायचं. ओ आली की तिचं समाधान. तिचे बाबा बँकेतून दमून आलेले असायचे. ते म्हणायचे, "तुम्ही दोघी सीधं बोलत जा ना. डोकं खराब होतं माझं." तर ती त्यांच्याही कानाशी जाऊन विचारायची, "बाबा, आवाज आई?"

त्याच वर्षी तिनं लॅबसाठी एक केबल बनवली. कोपऱ्यातल्या मशीनची वायर उंदरांनी कुरतडली होती. आम्ही दोघी फ्रीगंजला जाऊन टावर चौकाजवळच्या दुकानातून केबल आणि टोकाला लावायच्या प्लास्टिकच्या क्लिपा आणल्या, येताना उभ्यानं पाणीपताशे खाल्ले, आणि घरी येऊन ती फरशीवर पसारा मांडून बसली. या केबलच्या आत बारीक वायरींच्या जोड्या असतात, एकमेकींना पीळ दिलेल्या: नारंगी आणि तिची पांढरी, हिरवी आणि तिची पांढरी, अशा. टोकाशी पीळ सोडवून त्या ठरलेल्या क्रमानं क्लिपेत घालायच्या. त्या क्रमात हिरवी आणि तिची पांढरी शेजारी येत नाहीत. मध्ये निळ्यांची जोडी बसते. हे तिला अजिबात पटलं नाही.

"आई, हा काय नियम आहे? बाकी सगळ्या आपापल्या जोडीत, आणि हिरवी बिचारी एकटी पलीकडे."

"टोकालाच वेगळी आहे गं. आत वायरभर बरोबरच असतात."

"तरी पण. बदतमीज आहेत निळ्या."

पहिल्यांदा तिनं क्रम चुकवला, मुद्दाम की चुकून देव जाणे, आणि आवाज काही आली नाही. क्लिप कापून पुन्हा लावली तेव्हा आली. शाळेत जाऊन तिनं ती स्वतः जोडली.

दहावीत पावसाळ्यात तिला ताप आला. आधी इथंच औषध चाललं, मग इंदूरला नेलं. तिथं ती दोन दिवस बोलली, नंतर डोळे उघडेनाशी झाली. नर्सबाई म्हणाल्या, "आवाज़ लगाते रहिए, सुनाई देता है इनको." मी हाका मारत राहिले. शाळेतल्या नावानं, घरातल्या नावानं. शेवटी कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आवाज आई?" तिचे बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. एका दुपारी, बाहेर चांगलं ऊन पडलेलं असताना, ती गेली.

त्यानंतर लोक काय काय बोलतात, ते मी सांगत बसत नाही. जिभेला हाड नसतं. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, असं एकजण माझ्याच घरात, माझाच चहा पिता पिता म्हणाले. मी त्यांना दुसरा कप विचारला नाही.

मी शाळेत परत गेले, कारण घरात बसणं जमेना. दिवाळीनंतर धडा आला. वर्गाबाहेर उभी राहून मी ठरवलं की तो शब्द आपल्याच्यानं ऐकवणार नाही. आत गेले आणि विचारलं, "जवाब आया?" जवाब हिंदीत पुल्लिंगी आहे. पोरं म्हणाली, "आया, मैडम." एवढ्या साध्या व्याकरणावर माझा तो तास निभावला. पुढच्या वर्षीही तसंच केलं. सगळी उत्तरं 'आया' म्हणून येत होती आणि मी फळ्यावर लिहीत होते. शाळेत कुणाला पत्ता नव्हता. घरी एकदा यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस," आणि बराच वेळ टीव्हीकडे बघत बसले. टीव्ही बंद होता.

तिची केबल अजून कोपऱ्यातच आहे. क्लिपेची प्लास्टिकची जीभ तुटली आहे, त्यामुळे ती ढिली होते आणि ते मशीन नेटवर्कमधून तुटतं. नवी बसवायला पाच मिनिटं पुरतात. मी बसवत नाही.

यंदाही धडा आला. मी पिंग लावायला सांगून फळ्यावर पत्ता कसा लिहायचा ते काढत होते. कोपऱ्यातल्या मशीनवर दोन मुली होत्या. एक म्हणाली, "मैडम, हमारा जवाब नहीं आ रहा."

"पीछे तार दबाओ," मी न वळता म्हणाले. रोजचंच होतं ते.

दुसरी मुलगी टेबलाखाली शिरली. खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. टेबलाखालून पडद्यावरचं दिसत नाही, म्हणून तिनं खालूनच मैत्रिणीला विचारलं. मी शिकवलेलं ते नव्हतं. इथं कुणीही विचारेल तसं विचारलं.

"ए, आवाज़ आई क्या?"

"नहीं."

"अब?"

"आई!" वरची जोरात ओरडली. "आई, आई!"

माझा खडू फळ्यावरच होता. मी म्हणाले, "ओ."

चांगलं मोठ्यानं म्हणाले, घरात स्वयंपाकघरातून म्हणायची तसं. तोंडात किती दिवस तसंच राहिलं होतं, ते बाहेर पडल्यावर कळलं. मी वळले तर कोपऱ्यातली मुलगी गोंधळून माझ्याकडे पाहत होती. आपलं काही चुकलं की काय, असं तिला वाटलं असावं. ती हळूच म्हणाली, "मैडम, आपको नहीं बुलाया. वो आवाज़ आई."

"हाँ बेटा," मी म्हणाले, "पता है."

टेबलाखालची अजून तार दाबून बसली होती. तिनं विचारलं, "मैडम, छोड़ दूँ?"

"नहीं," मी म्हणाले. "थोड़ी देर पकड़े रहो."