कुसुमचं राहिलेलं मत

महिन्यापूर्वी इथल्याच, सिंगापूरच्या बिशान भागातून कुसुमच्या लेकीचा, मीराचा फोन आला, "मावशी, आई गेली…" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, पण राजा अजून जायचाय!" लोकांना विचित्र वाटेल, पण कुसुमला ओळखणारे समजून घेतील.

माझी ही मैत्रीण पुण्याची. कॉलेजात भेटलेल्या नेपाळी मुलाशी लग्न करून काठमांडूला गेली, तिथलीच नागरिक झाली. पक्ष हवेत, खरी संसद हवी म्हणाले म्हणून तिचे यजमान तुरुंगात राहून आले. ते गेल्यावर ती लेकीकडे सिंगापूरला आली, पण जीव सगळा तिकडेच. दोन वर्षांपूर्वी तिथे माणसं रस्त्यावर उतरली, राजाला माघार घ्यावी लागली, संसदेने त्याच्याकडून सैन्य काढून घेतलं, वर करही लावला. त्या दिवशी ही बाई घरी केलेले पेढे घेऊन सेम्बावांगला माझ्या दारात हजर! मी आपलं विचारलं, "म्हणजे आता राजा नुसता शोभेला?"

"शोभेला तरी ठेवायचा का, ते आता आम्ही ठरवणार. मी मत देणार, यांच्याही वतीने."

पण हे ठरवणाऱ्या, नवी घटना लिहिणाऱ्या सभेची निवडणूक दोनदा पुढे गेली. दोन्हीदा हिची बॅग भरलेली. यंदा एप्रिलमध्ये ती एकदाची ठरली, तर कुसुमच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, विमानप्रवास नाही. ती कुणाचं ऐकेना, तेव्हा मीराने मला पुढे केलं. मी म्हटलं, "तुझ्या एका मतावाचून काय अडणार आहे गं?" "राजेही हेच समजायचे," ती म्हणाली. पण थांबली. माझ्या शब्दाखातर थांबली.

मतदानाच्या सकाळी मला बोलावून घेतलं. ठेवणीतली साडी, पर्समध्ये नागरिकत्वाचा कागद. "चल, मला रांगेत उभं राहायचंय." कसली रांग? तर इमारतीखालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्यापिण्याच्या स्टॉलवरची, कोपीची, म्हणजे इथल्या कॉफीची! नंबर आला की मागच्याला पुढे करायची आणि पुन्हा शेवटी जाऊन उभी. तिसऱ्यांदा स्टॉलवाले अंकल वैतागले, "आंटी, यू वॉन्ट कोपी ऑर नॉट?"

"वेटिंग लाह!" कुसुम अगदी इथल्या ढंगात म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

ती गेल्यावर थोड्याच दिवसांत निवडून आलेल्या सभेने राजेपणच संपवलं. ती बातमी आम्ही दोघींनी मीराकडे टीव्हीवर पाहिली. जाऊ द्यायला हवं होतं का तिला?… अजून ठरवता येत नाही मला.

बिशानला गेले की मी त्या रांगेत उभी राहते. नंबर आला की बाजूला होते, मागच्याला पुढे जाऊ देते. अंकल आता काही विचारत नाहीत.