नंदी अजून लांब आहे

पाहुणे आले की अंबाबाईचं दर्शन उरकून आबा, म्हणजे माझे वडील, त्यांना रंकाळ्यावर न्यायचे. त्यांची हौस आणि आमची पायपीट. इथं आधी दगडाची खाण होती, भूकंप झाला आणि पाणी भरलं, तो समोरचा राजवाडा, तो पाण्यातला संध्यामठ, असं सगळं ऐकवून शेवटी सगळ्यांना नंदीपुढं उभं करायचे.

"पावणं, ह्यो नंदी वर्षाला गव्हाएवढा फुडं सरकतोय आणि तांदळाएवढा मागं. ज्या दिवशी तळ्याला टेकंल, त्या दिवशी जगबुडी."

पाहुणे नंदी आणि पाण्यातलं अंतर बघायला लागले की आबा हसायचे. "भिऊ नगासा. नंदी अजून लांब हाय."

आमचं घर नदीकडच्या सखल गल्लीत. कोपऱ्यावरच्या भिंतीवर जुन्या महापुराची निळी रेघ ओढलेली आहे. पूर आला की अख्खी गल्ली भजी खात तिथं पाणी बघायला जमते. पाणी रेघेला लागायच्या आत जो सामान हलवेल तो भित्रा, ही आमची मर्दुमकी.

त्या पावसाळ्यात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि मी म्हणालो, "आबा, निघूया."

"रेघ लांब हाय की अजून. तुमी व्हा फुडं."

शेजारचे काका पिशवी घेऊन निघाले होते. आबांनी त्यांनाही हसून थांबवून घेतलं. मला राग आला होता, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही, तसाच निघून गेलो. दुसऱ्या दिवशी होडीतून आलो तेव्हा रेघ पाण्याखाली होती. आबा माळ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. काका तिसऱ्या दिवशी सापडले.

तेव्हापासून आबा पाहुण्यांना रंकाळ्यावर नेत नाहीत. एकटेच जातात आणि नंदीपासून पाण्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजतात. मला त्याची भीती वाटते.

यंदा पाणी पायरीला लागलं तेव्हा ते पिशवी भरून दारात उभे राहिले. मी चहा पीत मोबाइलवर पातळी बघत होतो.

"आबा, रेघ अजून लांब हाय की," मी म्हणालो.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

"मग मी बी बसतो. शेजारच्या काकाला बी मीच बसवलं हुतं."

मी उठलो. उंबऱ्याशी काढलेल्या चपला पाण्यावर हलत होत्या.