धुराची पूर्वसूचना

नाव : श्रीमती मंजुळा तुळशीदास वैती. वय : आधार कार्डाप्रमाणे एकसष्ट, मढच्या बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे त्याहून बरंच जास्त. वास्तव्य : सदनिका क्रमांक ८०४, आठवा मजला, दहिसर. व्यवसाय : मासे खारवणे व त्यांस धुरी देणे. वैवाहिक स्थिती : मागील ऑगस्टपासून बदललेली. पद : धूरविषयक पूर्वसूचना देण्यास जबाबदार सभासद. कार्यक्षेत्र : सदनिका ८०१ ते ८०३. नेमणूक : सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, एकमताने. मानधन : नाही.

असं पद दहिसरातल्या दुसऱ्या कुठल्या सोसायटीत असल्याचं ऐकिवात नाही. ते कसं निर्माण झालं, याची ही हकिगत.

मंजुळाबाईंचं पहिलं घर खाडीच्या बाजूला होतं. बसकं, कौलारू, पुढे अंगण. रस्ता रुंद करायचं ठरलं आणि अंगणासकट घर रस्त्यात गेलं. बदल्यात आठव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खोल्यांत टाइल्स होत्या, नळाला पाणी होतं, संडास घरात होता. अंगण मात्र कागदावरही कुठे नव्हतं. उन्हात मासे वाळवायची सोय गेली, उरली धुरी. तीही मंजुळाबाईंच्या सासरी पावसाळ्यापुरतीच देत. आकाश गळायला लागलं की चुलीवर जाळी टांगून त्यावर बांगडे. आता ती बारमाही झाली.

कृती अवघड नाही. बांगडा किंवा तारली पोटात चिरून साफ करायची. बादलीत मिठाचं पाणी करायचं, त्यात कच्चा बटाटा टाकायचा. तो तरंगला की मीठ पुरेसं झालं. मासे त्यात बुडवून ठेवायचे, मग काढून वाऱ्यावर टांगायचे. कातडी बोटाला चिकटायला लागली की त्यांना धुरात न्यायचं. धुरासाठी तळ कापलेलं पत्र्याचं पिंप, आडव्या सळ्या, खाली नारळाच्या सोडणांचा निखारा, वर ओलं गोणपाट. आच नको, धूर हवा. ज्वाळा उठली की मासा शिजतो आणि केलेलं सगळं वाया जातं. एवढं सांभाळलं की मासा सोनेरी होतो, आणि दहिसर ते भाईंदरपर्यंतची ठरावीक गिऱ्हाइकं तो फोन करून मागवतात. घर त्यावर चालत होतं. तुळशीदास पूर्वी होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते, पण अर्धांगवायूने त्यांचा डावा भाग गेला तेव्हापासून ते खाटेवर होते.

पिंप ठेवायला जागा मिळाली ती अशी. उंच इमारतीत आठव्या मजल्याचा एक कोपरा मोकळा सोडावा लागतो. आग लागली तर रहिवाशांनी तिथे येऊन थांबावं, म्हणून. इमारतीत सगळे त्याला रेफ्युजी एरिया म्हणतात आणि सगळ्यांनी तिथे काही ना काही आणून टाकलेलं आहे : मोडक्या सायकली, मागच्या गणपतीचं मखर, एक व्यायामाचं यंत्र. एका बाजूने तो कोपरा उघडा, नुसता कठडा. वारा खाडीवरून येतो. मंजुळाबाईंचं दार त्याला लागूनच. पिंप तिथे गेलं.

हरकत लगेच आली. ८०१ मधल्या भाविकाबेननी ग्रुपवर पिंपाचा फोटो टाकला आणि खाली नाक दाबलेल्या पिवळ्या तोंडांची एक रांग लावली. सेक्रेटरी चंद्रप्रकाश ८०३ मध्ये राहतात. निवृत्त झाले तरी त्यांच्या तोंडातला 'सदर' निवृत्त झालेला नाही. ते स्वतः पाहणीला आले.

"मंजुळाताई, सदर जागा आपत्तीसाठी राखीव आहे."

"मग आमच्यावर आलीय ती काय वरात हाय?"

"तसं नाही, पण धूर..."

"धूर वाऱ्याबरोबर जातो, भाऊ. राहत नाय कुठे."

"माझ्या मंदिरमध्ये राहते," भाविकाबेन दारातून म्हणाल्या. "अगरबत्तीचा वास येत नाय, बांगडाचा येते."

"बेन, आमच्या देवाला तर नैवेद्यच त्याचा लागतो. तुमचा पण घेईल सवय करून."

यावर भाविकाबेन दार आपटून आत गेल्या. पुढे वर्षभर हे असंच चाललं. पिंप पेटलं की ग्रुपवर तक्रार, तक्रारीनंतर चंद्रप्रकाश, चंद्रप्रकाशांनंतर मंजुळाबाईंचा आवाज. मंजुळाबाईंना चिंता एकच होती, की एक दिवस सभेत हात वर होतील आणि पिंप खाली जाईल. तसं झालं असतं तर दोघांनी खायचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मुलुंडला दिलेल्या मुलीकडे, नेत्राकडे होतं. ते मंजुळाबाईंना चालणारं नव्हतं.

मग एका पहाटे तुळशीदासांना धाप लागली. खाली रिक्षा नाही, रुग्णवाहिका येतेय येतेय म्हणते. भाविकाबेनचा नवरा अल्पेश बनियनवर खाली उतरला आणि आपल्या गाडीतून त्यांना घेऊन गेला. गाडी धुतलेली होती, सीटवर पांढरी कव्हरं होती. तुळशीदासांनी वाटेत त्यावर उलटी केली. अल्पेश एक अक्षर बोलला नाही.

त्यानंतर ग्रुपवरचे फोटो थांबले. पुढच्या सभेत तर भाविकाबेनच उठून म्हणाल्या, "बुधवारी दुपारी करू दे ने. आपण दार लावून घेऊ. किती वेळ असते?" चंद्रप्रकाशांनी ठराव लिहिला. ८०२ मधली संघमित्रा रुग्णालयात नर्स आहे, रात्रपाळीची. तिने अनुमोदन दिलं आणि वर म्हणाली, "मावशी, मला दोन बांगडे बाजूला ठेवत जा, बस." मंजुळाबाई त्या दिवशी घरी येऊन तुळशीदासांना म्हणाल्या, "ऐकलं का, आता कोन काय बोलनार नाय."

आणि खरंच कुणी बोललं नाही. बुधवार आला की आठव्या मजल्यावर एक शिस्त दिसायची. भाविकाबेन टॉवेल ओला करून दाराच्या फटीला लावायच्या आणि एसी चालू करायच्या. चंद्रप्रकाशांनी खिडकीला पट्टी मारून घेतली. संघमित्रा तोंडावर चादर ओढून झोपायची. मजल्याने मंजुळाबाईंना सांभाळून घेतलं होतं, आणि ते मनापासून होतं.

मागच्या ऑगस्टात मासेमारीची बंदी उठली. पहिल्या होड्या समुद्रात गेल्या होत्या. मंगळवारी मढहून बहिणीचा, माणिकचा फोन आला : उद्या दुपारी होडी लागेल, तारली भरपूर आहे, स्वतः ये, नाहीतर दलाल उचलतील. त्या बुधवारी मंजुळाबाईंनी पिंप पेटवलं नाही. तुळशीदासांना पेज भरवली, उशाशी पाण्याची बाटली आणि नळी ठेवली, टीव्ही लावला, दार ओढून घेतलं आणि मढला गेल्या. दाराची दुसरी किल्ली नेहमीप्रमाणे संघमित्राकडे होती. आज धूर करणार नाही, हे त्यांनी शेजारी सांगितलं नाही. धूर न करण्याची सूचना द्यायची असते, हे तोवर कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं.

दुपारी आठव्या मजल्यावरच्या वायरींच्या डक्टमध्ये ठिणगी पडली. हा डक्ट ८०४ च्या दारालगत आहे. त्यात फक्त वायरी असाव्यात, असा नियम आहे. त्यात एक गुंडाळलेली गादी, रंगाचे दोन डबे आणि बुटांचं कपाट होतं. लॉबीतल्या धूर ओळखणाऱ्या यंत्रावर रंगाऱ्याने चढवलेली प्लास्टिकची टोपी इमारत ताब्यात मिळाल्यापासून तशीच होती. गादी पेटली. लॉबी धुराने भरली.

भाविकाबेननी टॉवेल ओला केला.

चंद्रप्रकाशांनी खिडकीची पट्टी दाबून बघितली. नंतर त्यांनी सांगितलं की त्या दिवशी धूर जास्त वाटला होता, पण बंदी उठल्यावर माल जास्त आला असणार, असा त्यांनी विचार केला. संघमित्राला वासाने जाग आली होती. ती जे म्हणाली ते तिने पोलिसांसमोर, मग नेत्रासमोर, मग पुन्हा मंजुळाबाईंसमोर जसंच्या तसं सांगितलं. "वास वेगळा होता, मावशी. रबरासारखा. मला वाटलं, आज मुशी असेल." मुशीला, म्हणजे लहान शार्कला, उग्र वास असतो, हे तिला माहीत होतं. ती कूस बदलून झोपली. किल्ली फ्रिजवर होती.

तुळशीदासांना उठता येत नव्हतं, पण ओरडता येत होतं. ओरडले असतील. दारांच्या फटी मात्र तिन्हीकडे बंद होत्या.

मंजुळाबाई रिक्षातून येत होत्या, पायाशी तारलीच्या दोन पिशव्या. हायवेच्या सिग्नलला त्यांना इमारत दिसली आणि आठव्या मजल्यातून निघणारा धूर दिसला. काळा. त्यांचा धूर पांढरट असतो.

"तो धूर माझा नाय," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या.

"क्या माँजी?"

"माझा नाय तो! चल, चल पटकन!"

सिग्नल लाल होता. त्यांनी चंद्रप्रकाशांना फोन लावला.

"अवो भाऊ, धूर आहे वर!"

"हो हो, मंजुळाताई, आहे. चालू द्या."

"अरे माझा नाय तो!"

"अहो, आज बुधवार आहे. कुणाची काही हरकत नाही. निश्चिंतपणे करा." आणि त्यांनी सौजन्याने फोन ठेवला. रिक्षाच्या आवाजात काही शब्द ऐकू आले नाहीत, असं ते सांगतात. ते खरं असू शकेल.

अग्निशमन दलाला फोन मंजुळाबाईंनी रिक्षातूनच केला. बंब लवकर आला. जवानांनी दार तोडलं. तुळशीदासांच्या अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. नाकाखाली तेवढी काजळी होती. टीव्ही अजून चालू होता. एक जवान मोकळ्या कोपऱ्यात गेला, पिंपात हात घालून राख चिवडली आणि वरिष्ठांना ओरडून म्हणाला, "साहेब, हे थंड आहे." भाविकाबेननी त्याच वेळी दार उघडलं. ओला टॉवेल पायात आला, त्यावरून त्या पुढे आल्या, आणि पिंपाकडे, जवानाकडे, मंजुळाबाईंकडे असं बघत राहिल्या. मग तिथेच खाली बसल्या.

दिवस-कार्य झाल्यावर नेत्राने आईला मुलुंडला नेलं. जावई भला माणूस. सासूने गॅस मोठा ठेवला तरी त्याने कधी टोकलं नाही. मंजुळाबाई तिथे महिनाही राहिल्या नाहीत. गिऱ्हाइकांचे फोन येत होते आणि गिऱ्हाइकांना आग वगैरे माहीत नव्हतं.

परत आल्या तेव्हा मजला भेटायला आला. भाविकाबेन रडल्या. म्हणाल्या, "तुम्ही बंद नका करू, मंजुळाबेन. कोणाचा काय हरकत नाय आता."

"घ्या ना हरकत," मंजुळाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पयल्यासारखी घ्या. फोटो टाका. दार आपटा. शिव्या घाला मला. तवा तुम्ही धुराला उठत होता, बेन. आग असती तरी उठला असता."

चहा झाला.

विषय सर्वसाधारण सभेत गेला. डक्टमधली गादी कुणाची, हा मुद्दा वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. मंजुळाबाईंचं म्हणणं एवढंच होतं की आपला धूर कुठला आणि आपला नाही तो कुठला, हे मजल्याला कळलं पाहिजे, आणि त्यासाठी आपण दारोदार सांगायला तयार आहोत. चंद्रप्रकाशांनी त्याला भाषा दिली. सदर सभासदाने दर बुधवारी धूर करण्यापूर्वी, तसेच धूर करणार नसल्यास तसेही, संबंधित सदनिकाधारकांस समक्ष कळवावे. त्यानुसार पद निर्माण झालं. सगळ्यांनी हात वर केले.

तेव्हापासून मंजुळाबाई दर बुधवारी तीन दारं करतात. "आज माझा धूर हाय. पांढरा असेल. काळा दिसला तर बोंबला." किंवा, "आज माझा धूर नाय. आला तर माझा नाय. फोन करा, बंब बोलवा, माझी वाट बघू नका." पहिल्या महिन्यात दारं उघडत होती. भाविकाबेन तर हात धरून उभ्या राहायच्या. पुढे दार न उघडता आतून "हो, हो" येऊ लागलं. संघमित्रा एकदा बाहेर आली, डोळे सुजलेले, रात्रपाळी करून आलेली.

"मावशी, ग्रुपवर टाका ना. आत्ता कुठे डोळा लागला होता माझा."

"तवा पण लागलाच होता ना तुझा डोळा?"

दार लागलं.

चंद्रप्रकाशांनी रक्तदाबाचं कारण सांगून सुचवलं की सूचना फलकावर लावली तरी ठरावाचा हेतू साध्य होईल. मंजुळाबाईंनी फलक वाचतो कोण, असं विचारलं, आणि पुढच्या दारावर गेल्या.

पद अद्याप रद्द झालेलं नाही. ८०१, ८०२ आणि ८०३ या तिन्ही घरांची बेल बुधवारी सकाळपासून बंद असते.