कांद्याच्या बाजारात आईची शाळा

गावची जुनी शाळा पाडायची ठरली. माजी विद्यार्थ्यांनी जुन्या रजिस्टरांचे फोटो काढून जपायचं काम हाती घेतलं, तेव्हा मी लगेच हात वर केला. कारण एकच. आई आयुष्यभर सांगत आली, "मी चौथी शिकलेय." दाखला मात्र कुणी पाहिलेला नाही. रजिस्टर हरवलं तर आईची शाळा कुठेच उरणार नाही, या भीतीनं माझी झोप उडाली होती.

शनिवारी दापोडीहून स्कूटर काढली. गाव चाकणच्या पुढं. तुम्ही तिकडं जाणार असाल तर साडेसहाच्या आत भोसरी सोडा. नंतर कंपन्यांच्या बस आणि ट्रेलर हलू देत नाहीत. मी शहाणी सात वाजता निघाले! मोशीपासून चाकणपर्यंत एक पाय जमिनीवरच. वाटेत मिसळ घेतली, सत्तर रुपये, तर्री झकास.

गावात शाळेचे निवृत्त शिपाई बबनमामा दारातच उभे होते, तोंड पार उतरलेलं. छत गळायला लागल्यावर त्यांनी रजिस्टरं घरी आणून कांद्याच्या गोणीत शिवून ठेवली होती. आमच्याकडे जपायची वस्तू गोणीतच जाते. पहाटे त्यांच्या मुलानं कांदा टेम्पोत भरला, त्यात तीही गोण गेली.

मामांना मागे बसवून चाकणचा कांदा बाजार गाठला. गोण्यांच्या रांगाच रांगा, आणि लिलाव सुरू झालेला. व्यापाऱ्यानं गोण उसवली, कागद बघून फेकून दिले तर? मामा एकेक गोण मुठीनं दाबत चालले, मी मागून देवाचं नाव घेत. चौथ्या रांगेत ते एका गोणीवर बसलेच. म्हणाले, "हीच. रजिस्टरांची कोपरं लागत्यात."

गोण घेऊन गावात परतलो आणि शाळेच्या ओट्यावर बसून पानं उलटली. कांद्याच्या वासानं डोळे चुरचुरत होते. आईचं नाव सापडलं आणि शेवटच्या रकान्यावर नजर गेली. इयत्ता दुसरी. सतत गैरहजर, नाव कमी केले.

पानाचा फोटो काढला, पण आता वेगळीच भीती. हे आईला कसं सांगायचं? येताना ट्रॅफिकमध्ये दोनदा मोबाईल काढला, फोटो पुसून टाकावा म्हणून. हात धजावला नाही.

घरी आई वाटच बघत होती. नाव आहे, एवढंच मी सांगितलं.

"सोडल्याचं कारण काय लिवलंय?"

तिला ठाऊक होतं तर. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली,

"गैरहजर न्हवते मी. धाकट्या भावाला कडंवर घेऊन वर्गाच्या खिडकीखाली बसायचे. चौथीपातूर."

रजिस्टरांच्या या फोटोसंग्रहात प्रत्येक पानाखाली आठवणींसाठी जागा ठेवलीय. तिथं तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले. आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि विचारलं, "चौथीपातूर घातलंस ना?"