शांतवनचे सात शेरे

शांतवन टपालाचे दोनच प्रकार मानत असे: 'घरचं' आणि 'सरकारचं'. पाकीट हातात देण्यापूर्वी तो उजवा हात सदऱ्याला पुसायचा, पत्ता पिनकोडसकट मोठ्याने वाचायचा आणि मग निकाल सुनावल्यासारखा म्हणायचा, "घरचं हाय," किंवा "सरकारचं हाय." राखीचे पाकीट, लग्नाची पत्रिका, सासरी गेलेल्या लेकीने आठवणीने धाडलेला फोटो हे सारे घरचे. असे टपाल असले की सायकलची घंटा तो दोन घरे अलीकडूनच वाजवत येई.

माझ्या दारात ती घंटा कधी अलीकडून वाजली नाही. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून मी इतरांचे अर्ज निकाली काढले आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचे लिहू लागलो. बस फाट्यावर थांबत नाही, नळाला चार-चार दिवस पाणी नाही, शाळेच्या भिंतीला तडा गेला आहे, अशा प्रत्येक बाबीवर मी लेखी तक्रार केली, तिचे स्मरणपत्र पाठवले आणि स्मरणपत्राला उत्तर आले नाही म्हणून वरिष्ठांकडे अपील केले. मला राग लवकर येतो. तो कागदावर उतरल्याखेरीज मला जेवण जात नाही. शांतवन हसून म्हणायचा, "अण्णा, तुमच्यामुळंच ह्या गावाचं पोस्ट चालू हाय. तुमी थांबलात की मला बी घरी बसवतेल."

त्याला घरी कोणी बसवले, हे नमूद करण्यासाठीच मी हे लिहितो आहे.

मांजरसुंब्याहून चौसाळ्याकडे जाताना महामार्ग सोडून आत वळले की आमचे गाव लागते. शांतवनचे घर ओढ्यापलीकडे होते. त्याच्या आजोबांनी निजामाच्या काळात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, आणि तिकडच्या सात-आठ घरांचे पत्र्याचे एक छोटे चर्च होते; ते त्याला देऊळच म्हणत. रविवारी तिथून गाण्याचा आवाज येई. माझा धाकटा भाऊ दिगंबर आणि शांतवन एका वर्गात, एका बाकावर होते. शांतवन माझ्या ओसरीच्या पायरीवर बसत असे, पाणी मात्र सायकलला अडकवलेल्या स्वतःच्या बाटलीतले पीत असे. इतक्या वर्षांत मी त्याला घरचा तांब्या पुढे केला नाही आणि त्यानेही कधी मागितला नाही. याची नोंद मी आज प्रथमच करतो आहे.

दिगूने वडील हयात असताना वाटणी मागितली. वडिलोपार्जित जमिनीत त्याचा जन्मतः हक्क होता. कायदा त्याच्या बाजूने होता, आणि म्हणूनच माझा संताप अधिक होता. विहिरीकडचा तुकडा त्याच्या वाट्याला गेला. तो त्याने परक्याला विकला आणि पुण्याकडे निघून गेला. ज्या विहिरीवर वडिलांनी उभा जन्म मोट आणि नंतर मोटार चालवली, तिथे ते पुन्हा कधी फिरकले नाहीत. ते वारले तेव्हा दिगू आला नाही. मी गावभर सांगितले की बापाच्या मातीलाही त्याला वेळ मिळाला नाही. पुढे राहत्या घरावरचा हक्क सोडून दे, अशा नोटिसा मी त्याला रजिस्टर टपालाने पाठवत राहिलो. त्या शांतवननेच नेल्या, आणि सहीच्या पोचपावत्याही त्यानेच आणून दिल्या.

आणि एके दिवशी घंटा दोन घरे अलीकडून वाजली.

"अण्णा," पायरीशी येऊन शांतवन म्हणाला. त्याने हात पुसला, पत्ता वाचला. "आज घरचं हाय. दिगूचं हाय, रजिस्टर."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. नोटिशीचे उत्तर असणार, वकील लावला असणार. मी म्हणालो, "घेत नाही. 'घेण्यास नकार' असा शेरा मार आणि परत पाठव."

"उघडून तर बघा."

"नकार म्हणजे कायद्याने बजावणीच झाली, हे मला ठाऊक आहे. ती बजावणी मला मान्य आहे. त्याचे अक्षर मान्य नाही. लिही."

त्याने पाकीट परत पिशवीत ठेवले. "उद्या येतो," म्हणाला.

आत खाटेवर आई होती. तिची नजर गेली होती, कान मात्र शाबूत होते. "कोन आलतं रं? दिगूचं काई आलं का?" तिने विचारले. मी म्हणालो, "सरकारी कागद आहे." टपालाची एक शिस्त शांतवन जिवापाड पाळत असे: ज्याच्या नावाचा कागद, त्याच्याखेरीज कुणाशी त्याबद्दल बोलायचे नाही. तो पायरीवरून आईचे बोलणे ऐकत होता. त्याने सायकल वळवली.

दुसऱ्या दिवशी तो आला, तिसऱ्या दिवशी आला. मी तेच सांगितले. चौथ्या दिवशी तो पायरीवर बैठक मारून बसला आणि म्हणाला, "अण्णा, आमच्यात एक दाखला हाय. एका बापाला दोन लेकरं व्हती. धाकट्यानं बाप जित्ता असतानी वाटणी मागितली."

"वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित?" मी विचारले.

"ते लिवलेलं न्हाई."

"मग पुढे ऐकण्यात अर्थ नाही. बरे, सांग."

त्याने सांगितले. धाकट्याने परमुलखात जाऊन सगळे उधळले. दुष्काळ पडला, तो डुकरे राखायला लागला. शेवटी लाज गुंडाळून गड्यासारखा राहीन म्हणत घरी निघाला, तर बापाने त्याला लांबूनच ओळखले आणि धावत जाऊन कवटाळले. घरात जेवणावळ मांडली. थोरला शेतातून परत आला, वाजंत्री ऐकली आणि दारातच अडून बसला.

"बरोबर केले त्याने," मी म्हणालो. "जन्मभर राबला तो. त्याची बाजू कुणी ऐकून घेतली का?"

"घेतली की. बाप सोता उठून बाहीर आला. म्हनला, पोरा, माझं हाय ते समदं तुझंच हाय, आत चल."

"मग? गेला आत?"

शांतवनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ते लिवलेलं न्हाई."

मी अक्षरशः ओरडलो. "लिहिलेले नाही म्हणजे काय? दोन्ही पक्षांचे म्हणणे नोंदवायचे आणि निकालच द्यायचा नाही? ही कुठली रीत?"

"न्हाई लिवलं खरं. आमच्या देवळातले पाळक लई काय काय सांगतेत त्याच्यावर. मला आपलं वाटतं, लिवणारा थांबला आसंल. थोरला काय करतो ते बघत."

"शेरा मार," मी म्हणालो.

जाताना सायकलवर टांग टाकून तो थांबला. "अण्णा, राग नगा धरू. तुमची नोटीस दिगूला दर टायमाला बरुबर पोचती. मंग तुमचे वडील वारले तवा निरोप कावून न्हाई पोचला?"

पत्ता तेव्हाही माझ्यापाशी होता; निरोप मी धाडलाच नव्हता. पुराव्याने सिद्ध होणारी ती एकमेव गोष्ट होती, आणि तो पुरावा प्रत्येक नोटिशीवर लिहून त्याच्या सायकलीवरूनच गेलेला होता.

सातव्या दिवशी त्याने पाकीट हातात धरले, पण पत्ता वाचला नाही. "आज शेवटचा दिस हाय," एवढेच म्हणाला. मी आत निघून गेलो.

आता माझ्या कर्तबगारीचा भाग. नकाराचा पुरावा पुढे उपयोगी पडेल म्हणून मी त्या पाकिटाच्या नोंदीची प्रत मागवली. त्यात 'नकार' हा शब्द कुठेच नव्हता. ओळीने सात दिवस एकच शेरा होता: 'घरी नाहीत.' मी सातही दिवस घरी होतो! माझ्याविषयी सरकारी दप्तरात असत्य नोंद! मी तीन पानी तक्रार लिहिली, नियम उद्धृत केले आणि चार कार्यालयांना प्रती पाठवल्या. त्यातल्या पहिल्या दोन शांतवननेच चौसाळ्यापर्यंत पोचवल्या. पाकिटावरचा पत्ता त्याने नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचला होता. तो पत्ता त्याच्याच वरिष्ठांचा होता.

चौकशीला निरीक्षक आले. माझ्याच ओसरीवर खुर्ची टाकून त्यांनी शांतवनला विचारले, "खोटी नोंद तुम्ही केली?"

"हो साहेब. खोटी लिवली."

"कशासाठी?"

"'नकार' लिवलं की कागद त्याच दिशी माघारी जातो. 'घरी न्हाईत' लिवलं की सात दिस पोस्टात ऱ्हातो. सात दिसांत मानसाचं मन बदलतंय, साहेब."

निरीक्षकांनी माझ्याकडे वळून विचारले, "यात आपले नुकसान काय झाले?"

मी नियमाचा क्रमांक सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला. शांतवनला कामावरून दूर करण्यात आले. निवृत्तीला त्याचे थोडेच महिने उरले होते. त्याची पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर गेली आणि ती त्याला परत मिळाली नाही.

त्यानंतर तो मला चौसाळ्याच्या बाजारात भेटला. मी नजर चुकवली. त्याने हाक मारली. "सलाम अण्णा! माय कशी हाय?"

मला शिव्या अपेक्षित होत्या. शिव्यांना उत्तर देण्याची माझी तयारी असते. मी विचारले, "तुला माझा राग आला नाही?"

"आलता की. दोन दिस भाकर गोड लागली न्हाई. माझी बायकू सुवार्ता म्हनली, त्या मानसाच्या दारावरून बी जाऊ नका. मंग म्हनलं, अण्णाला तरी भांडायला कोन हाय? एक सरकार, दुसरं मी." तो हसला. हसता हसता थांबून म्हणाला, "अण्णा, दिगूला एक कारड तरी टाका. मायकडं बघून तरी. लई दिस न्हाईत आता."

मी पाहतो म्हणालो. मी ज्या कार्यालयांवर आयुष्यभर आगपाखड केली, त्यांचे उत्तर नेमके हेच असे.

आई त्या उन्हाळ्यात गेली. शेवटच्या दिवसांत ती पायरीवर कुणाचेही पाऊल वाजले की मान वळवायची. दिगूला मी कळवले नाही, शांतवनने कळवले. पण दिगू पोचला तेव्हा राख सावडून झाली होती. घराकडे न येता तो नदीवरूनच परत फिरला, असे मला दुसऱ्यांकडून समजले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात शांतवन छातीच्या दुखण्याने वारला. मी ओढ्यापलीकडे आयुष्यात प्रथमच गेलो. देवळात शवपेटी ठेवली होती आणि प्रार्थना चालू होती. उघड्या दारातून मला भिंतीकडेच्या सतरंजीवर दिगू बसलेला दिसला. डोके पूर्ण पांढरे झाले होते. बसण्याची ढब वडिलांची. माझे पाय फाटकापाशीच थांबले. आत जाण्याचा मला अधिकार काय, या प्रश्नाचे उत्तर मी शोधत होतो, आणि ते माझ्या विरुद्ध जात होते.

सुवार्ताबाई, शांतवनची बायको, जागेवरून उठून बाहेर आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"अण्णा, उनात कावून उभे? आत या."

"मी तक्रार केली होती, वहिनी."

"म्हाईत हाय मला. मीच त्यांना तुमच्या दारी जाऊ नगा म्हनले व्हते," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ नव्हता. "पन ते असते तर तुमाला बाहीर उभं ऱ्हाऊ दिलं नसतं. पानी प्या अन् या."

मी पाणी प्यालो. आणि शांतवनच्या शास्त्रात जे लिहिलेले नाही, ते मी येथे लिहून ठेवतो: थोरला आत गेला. ज्या आईसाठी जायचे ती उरली नसताना आणि ज्याने बोलावले तो पेटीत असताना गेला, पण गेला. दिगूने माझ्याकडे न पाहता सतरंजीवर थोडे सरकून जागा केली.

बाहेर पडताना त्याने खिशातून एक पाकीट काढून माझ्यापुढे धरले. अजून बंदच होते. त्याच्या पाठीवर शांतवनच्या गोल अक्षरात सात तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे ते असत्य. आत दोन ओळी निघाल्या. "अण्णा, म्हणशील त्या दिवशी येऊन सही करतो, घर तुझेच आहे. आईजवळ एक दिवस बसू दे."

मी टपाल खात्याला अर्ज केला. माझी तक्रार मी मागे घेतो, मयताच्या अभिलेखातील ठपका काढून टाकावा, आणि त्या सात दिवसांत अर्जदार खरोखरच घरी नव्हता असे समजण्यात यावे, अशी विनंती केली. अर्जात शेवटचे वाक्य बसत नाही हे मला कळते. तरी लिहिले.

उत्तर आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी आले. नव्या पोऱ्याने मोटारसायकल न थांबवता ते फाटकातून आत फेकले. दिगू सकाळच्या बसने आलेला होता, त्याने उचलून विचारले, "कुणाचं हाय?"

"सरकारचं," मी म्हणालो. मूळ तक्रार निकाली निघालेली असून मयत कर्मचाऱ्याच्या अभिलेखात बदल करण्याची तरतूद नाही, असे त्यात होते. मी अपील करणार आहे.

दिगू घरभर फिरत होता, पण आतल्या खोलीत शिरायला कचरत होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "अण्णा, मायची खाट कुठं व्हती?"

मी खिडकीखालची जागा दाखवली. तो तिथे फरशीवर मांडी घालून बसला आणि शेवटची बस येईपर्यंत तिथेच बसून होता.